एग हंट: अंडी लपवायची कशी यापेक्षा सापडायची कशी

ईस्टरची तारीख बघितली की मी पहिलं काम काय करते तर कागद पेन घेऊन बसते आणि येणाऱ्या सगळ्या मुलांची नावं आणि वयं लिहून काढते. अंडी नंतर, खाऊ नंतर, सजावट तर फारच नंतर. एग हंट म्हणजे ईस्टरला मोठ्यांनी लपवलेली रंगीत अंडी (खरी किंवा आत काहीतरी भरलेली प्लास्टिकची) मुलांनी शोधून टोपलीत गोळा करायचा खेळ, पण त्याचं नाव काढलं की सगळ्यांचं डोकं लपवण्यातच अडकतं, कुठे लपवू, कसं लपवू, पोरांना पटकन सापडणार नाही असं काय करू, आणि माझं याबाबतीत अगदी ठाम मत आहे की हा खेळ लपवण्याचा नाहीच, सापडण्याचा आहे. जे मूल सगळ्यात हळू चालतं, लाजतं, धक्का लागला की मागे सरतं, त्याच्या टोपलीत शेवटी काय असणार हे आधी ठरवायचं आणि बाकीचं सगळं प्लॅनिंग तिथून सुरू करायचं. पळणाऱ्या पोराची काळजी करावी लागत नाही, त्याला सापडतंच.

तारखेचं म्हणाल तर ती दरवर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार असा साधारण नियम आहे (ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली, आकाशातली नव्हे, त्यामुळे कधीकधी दोन्हींत फरक पडतो), म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठल्याही रविवारी येऊ शकतो. २०२६ ला ५ एप्रिल, २०२७ ला २८ मार्च. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतल्या चर्चची मोजणी जुन्या ज्युलियन कॅलेंडरवरून होते म्हणून त्यांचा ईस्टर बऱ्याचदा उशिरा असतो. हे सांगायचं कारण एवढंच की जवळपास महिनाभराचा फरक पडला की जमीन ओली आहे का, ऊन किती चढतंय, चॉकलेट बाहेर टिकेल का हे सगळं बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षीचा प्लॅन जसाच्या तसा उचलून चालत नाही.

आता वाटणीचं. मुलं किती, त्यांना प्रत्येकी दहा ते बारा अंडी धरायची, गुणाकार करायचा, झाला आकडा. आठ मुलं असतील तर ऐंशी ते शहाण्णव अंडी, आणि हे वाचून दडपण येत असेल तर प्रत्येकी सहा ठेवा, काही बिघडत नाही, मुलांना आकड्याशी घेणंदेणं नसतं, शेजारच्याच्या टोपलीशी असतं. खरा प्रश्न तो आहे. सगळी अंडी सगळ्यांसाठी मोकळी सोडली तर ज्याच्या हाती ससा तो पारधी, नऊ वर्षांचा दादा दोन मिनिटांत चाळीस गोळा करणार आणि तीन वर्षांची चिमुरडी एक अंडं दोन्ही हातांत धरून त्याच्याकडेच बघत उभी राहणार, तोवर हंट संपलेला. म्हणून माझ्याकडे प्रत्येकाचा रंग ठरलेला असतो. तुझी निळी, तुझी पिवळी, तुझी पांढरी. दुसऱ्याचा रंग दिसला तर हात लावायचा नाही आणि ओरडून सांगायचंही नाही. मुलं जास्त आणि रंग कमी असतील तर अंड्यावर स्टिकर लावायचे, कुणाचा मासा, कुणाचा तारा, कुणाची छत्री, आणि मला तर स्टिकरच जास्त आवडतात कारण रंग ओळखण्यात अडचण असणारी मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात. लाल आणि हिरवा नीट वेगळा न दिसणं हे मुलग्यांमध्ये बरंच आढळतं, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर साधारण बारापैकी एकाला, आणि लहान वयात ते घरच्यांच्याही लक्षात आलेलं नसतं. हिरव्या गवतात लाल अंडं आपल्याला लांबून चमकतं, त्या मुलाला ते गवताचाच भाग वाटतं.

काही जण म्हणतात की असं वाटून दिलं तर मजा काय राहिली, शोधाशोध आहे, थोडी चढाओढ हवीच. मला नाही पटत. चढाओढीसाठी बाकीचे शंभर खेळ आहेत. आणि गंमत म्हणजे जुनी पद्धतही वाटणीचीच होती. ईस्टरचा ससा अंडी लपवतो ही कल्पना जर्मन भाषिक भागातली, १६८२ साली गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ नावाच्या डॉक्टरने आल्सास आणि पॅलॅटिनेट भागातल्या या समजुतीबद्दल लिहून ठेवलंय की ससा बागेत, झुडपांत अंडी लपवतो आणि मुलं ती शोधतात. पुढे अठराव्या शतकात जर्मन कुटुंबं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जाऊन राहिली, त्यांची मुलं आपापल्या टोप्यांची घरटी करून ठेवायची आणि सशाने रात्रीतून त्यात रंगीत अंडी घालावीत अशी वाट बघायची. प्रत्येकाचं घरटं वेगळं. म्हणजे ज्याचं त्याला मिळणार याची खात्री आधीच होती, उत्सुकता होती ती काय मिळणार याची. मला हंटमध्ये नेमकं हेच हवं असतं.

आणि अंडीच का, तर पूर्वी ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात अंडी खायला बंदी असायची पण कोंबड्या काही थांबत नाहीत, त्यामुळे उपास सुटेपर्यंत घरात अंड्यांचा साठा झालेला असायचा. शिवाय अंड्यातून जीव बाहेर येतो म्हणून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाशी त्याचं नातं जोडलं गेलं, ऑर्थोडॉक्स घरांत आजही अंडी लाल रंगवतात. मोठ्या मुलांना हे मी दोन वाक्यांत सांगते, त्यांना आवडतं. राणी व्हिक्टोरिया राणी व्हायच्या आधी, तेरा वर्षांची असताना, तिच्या आईने रंगवलेली अंडी शोधत होती हे तिच्या १८३३ च्या डायरीत आहे, आणि तिची आई जर्मन होती. तेरा वर्षांची मुलगी! त्यामुळे "आम्ही आता मोठे झालो, आम्हाला नको" म्हणणाऱ्या मुलांना हे आवर्जून ऐकवा.

तर यादी झाली, रंग ठरले, आता जागा. वय बघून जागेचे भाग पाडा. तीन वर्षांखालच्यांसाठी लपवायचंच नाही, उघड्यावर ठेवायचं, गवतावर, पायरीवर, चटईच्या कडेला. त्यांच्यासाठी वाकून उचलणं आणि टोपलीत टाकणं हाच आख्खा खेळ असतो, टाकलेलं परत काढून दुसरीकडे ठेवणं हाही खेळ असतो, करू द्या. चार ते सहाच्या मुलांना अर्धं दिसेल असं, कुंडीच्या मागून थोडं डोकावणारं, बुटात ठेवलेलं, बादलीच्या कडीत अडकवलेलं. सात ते नऊला खरोखर लपवलेलं चालतं, पण एखादी वस्तू उचलली की दिसलं पाहिजे, दोन वस्तू उचलाव्या लागल्या की कंटाळतात. दहाच्या पुढच्यांना कोडी, त्यावर खाली येते.

लपवून झालं की एक गोष्ट नक्की करा, गुडघ्यांवर बसा आणि त्या उंचीवरून सगळीकडे नजर फिरवा. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटीमीटर असते, म्हणजे डोळे त्याहूनही खाली. आपल्याला टेबलावरचं अंडं समोर दिसतं, त्याला टेबलाची फक्त कड दिसते. उलट टेबलाच्या खालच्या फळीवर ठेवलेलं अंडं आपल्याला दिसत नाही आणि त्याला ते दारातूनच दिसतं. मी प्रत्येक भागात असं बसून बघते आणि दरवेळी दोनचार अंड्यांची जागा बदलते. कुठलंही अंडं त्या मुलाच्या खांद्याच्या वर नको, म्हणजे चढाचढी होत नाही. व्हीलचेअरवरचं मूल असेल तर उलटं, जमिनीवर काही नको, सगळं मांडीच्या ते खांद्याच्या उंचीत आणि चाकं फिरतील अशा वाटेच्या कडेने. अंध मुलांसाठी आवाज करणारी अंडी असतात, बीप बीप वाजत राहतात आणि सापडलं की बटण दाबून बंद करायचं, अमेरिकेत बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकांतले तंत्रज्ञ अशी अंडी बनवून देत आलेत. कुठे मिळाली नाहीत तर अंड्यात घुंगरू घालून दोरीला टांगा, दोरी हलवत राहणारं एक माणूस ठेवा, तेवढ्यावर होतं.

जिथे ठेवायचं नाही त्या जागा आधी ठरवा आणि मुलांनाही सांगा की तिथे काही नाहीच, म्हणजे ती तिकडे फिरकत नाहीत. पाण्याची टाकी, तळं, गटार, रस्त्याकडची बाजू, गॅस, विजेचे बोर्ड, औषधांचं कपाट, मुंग्यांची वारूळं. झाडावर खरं घरटं असेल तर त्या झाडाच्या आसपाससुद्धा नको, हे दिवस बऱ्याच ठिकाणी पक्ष्यांच्या विणीचे असतात, आणि अंडी शोधायला सोडलेल्या मुलाला खरं अंडं दिसलं तर ते ते उचलणारच, त्यात त्याची काय चूक.

आणि लपवताना प्रत्येक जागेचा मोबाईलवर फोटो काढत जा. प्लीज. यादी करायची म्हणून ठरवतो पण हातात टोपली असताना लिहिणं होत नाही, फोटो होतो. शेवटी निळी दहा पाहिजेत आणि नऊच आहेत असं झालं की फोटो चाळून एका मिनिटात कळतं की पत्रपेटीतलं राहिलंय. प्लास्टिकचं अंडं राहिलं तर फार काही नाही, पावसात पडून राहील, पण त्यात चॉकलेट असेल आणि घरात कुत्रा असेल तर ते राहता कामा नये. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं आणि त्यांना विषबाधा होते, चॉकलेट जितकं गडद तितकी जास्त. शुगर फ्री गोळ्या-च्युइंगममध्ये साखरेऐवजी असणारं झायलिटॉल तर कुत्र्यांसाठी त्याहून वाईट, अगदी थोडंसं पोटात गेलं तरी धोका. कुत्रा असलेल्या घरी हंट करताना त्याला आधी एका खोलीत ठेवायचं आणि मोजणी पूर्ण झाल्यावरच सोडायचं.

अंडी कुठली वापरायची यावर माझं मत सांगते. प्लास्टिकची दोन अर्धुकांची उघडणारी अंडी हंटला सगळ्यात सोयीची, दरवर्षी तीच वापरता येतात, मुंग्या लागल्या तरी आतला स्टिकर शाबूत. खरी अंडी मात्र रंगवायला घ्याच, लपवायला नाही. उकडलेली अंडी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिली की खाऊ नयेत, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकाच तासात फ्रिजमध्ये गेली पाहिजेत. आता हिशोब करा, लपवायला अर्धा तास, मुलं जमायला अर्धा तास, खेळ, मग मोजणी, दोन तास कुठे गेले कळत नाही. शिवाय मातीत ठेवलेलं, तडकलेलं अंडं आतपर्यंत जंतू ओढून घेतं. ज्यांना खरी अंडी लपवायचीच आहेत त्यांनी ती फक्त शोधायची ठेवावीत, नंतर टाकून द्यावीत आणि खाण्याची वेगळी फ्रिजमध्ये ठेवावीत. कवचासकट उकडलेली फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात.

रंगवणं मात्र हंटच्या आदल्या दिवशीचा आख्खा कार्यक्रम आहे आणि मुलांनाच करू द्यायचा. कपात गरम पाणी, खायचा रंग आणि एक चमचा व्हिनेगर. व्हिनेगर कशाला असं एखादं पोर विचारतंच, तर अंड्याच्या कवचावर प्रथिनाचा पातळ थर असतो आणि हे रंग आंबट पाण्यातच त्याला नीट चिकटतात, म्हणून. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, त्यामुळे अंडं आत सोडलं की त्याच्या अंगावर बारीक बारीक बुडबुडे धरतात, ते कार्बन डायऑक्साइडचे. नुसते ते बुडबुडे बघायला आमची मुलं कपावर नाक टेकवून बसतात, रंग चढला का हे बघायला चमच्याने उचलतात, परत सोडतात, परत उचलतात, आणि त्यामुळे प्रत्येक अंड्यावर चमच्याच्या आकाराचा एक फिका डाग राहतो. मला ते डागवाली अंडीच जास्त आवडतात. घरातल्या वस्तूंनी रंगवायचं असेल तर कांद्याची सालं उकळून तांबूस तपकिरी येतो, हळदीने पिवळा, आणि जांभळ्या कोबीच्या पाण्यात अंडं रात्रभर ठेवलं तर चक्क निळा येतो. कोबीचं पाणी जांभळं आणि अंडं निळं, हे सकाळी बघितल्यावर मुलं जे ओरडतात ते ऐकण्यासारखं असतं.

आता अंड्यात काय भरायचं. इथे मी जरा कडक आहे, सांगून ठेवते. तीन वर्षांखालची मुलं तिथे असणार असतील, भावंडं म्हणून का होईना, तर त्यांच्या घशात अडकेल असं काहीही कुणाच्याच अंड्यात नको, कारण दादाच्या टोपलीतलं बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. अमेरिकेत लहान मुलांच्या खेळण्यांसाठी एक ३.१७ सेंटीमीटर रुंदीची नळी वापरतात, तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी घ्या, ती त्याहून थोडी रुंद असते त्यामुळे तपासणी आपोआप जास्त काटेकोर होते. वस्तू त्यातून आरपार गेली की बाद. गोल कडक गोळ्या, शेंगदाणे, गोट्या, फुगे नकोतच. बटण सेलवर चालणाऱ्या लुकलुकणाऱ्या वस्तू अजिबात नकोत, तो सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. छोटी लोहचुंबकंही तशीच, एकापेक्षा जास्त पोटात गेली तर आतड्याला मधे धरून एकमेकांना चिकटतात. पाण्यात फुगणारे मणी पण नाही.

खाऊ घालणार असाल तर पालकांना आधी एक मेसेज टाका, कुणाला कसली ॲलर्जी आहे, दूध, अंडं, सुकामेवा, काय. एका मुलाला जरी चालत नसेल तर मी सगळ्यांच्याच अंड्यांतून खाऊ काढून टाकते आणि शेवटी बसून खायला प्रत्येकाला चालेल ते वेगळं देते. त्या एकाच मुलाचं अंडं "तुझं नको उघडू, थांब, तुला दुसरं देते" असं हातातून काढून घेणं मला बघवत नाही. चॉकलेटचं आणखी एक, कोको बटर ३४ अंशाच्या आसपास वितळतं आणि दुधाचं चॉकलेट त्याच्याही आधी मऊ पडायला लागतं, उन्हात ठेवलेलं बंद प्लास्टिकचं अंडं आतून बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापतं, म्हणजे उघडल्यावर चॉकलेटचा चिखल. ऊन असेल तर चॉकलेट घरातच राहू द्या.

मग भरायचं काय? स्टिकर, खोडरबर, शिक्के, केसांच्या क्लिपा, चित्राचे तुकडे, आणि मोठ्या मुलांसाठी चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांवर लिहायचं, आज अर्धा तास उशिरा झोपायचं, आज जेवायला काय ते तू ठरवायचंस, आज बाबा घोडा होणार. यांना पैसे पडत नाहीत आणि मुलं त्या जपून ठेवतात, आमच्या एका भाचीने घोड्याची चिठ्ठी कितीतरी दिवस सांभाळून मग एका भलत्याच दिवशी वसूल केली. पण माझी सगळ्यात लाडकी युक्ती जिगसॉची आहे. एक मोठं जिगसॉ घ्यायचं, त्याचे तुकडे सगळ्यांच्या अंड्यांत वाटून टाकायचे, बाळाच्या अंड्यांसाठी मोठे जाड तुकडे वेगळे. हंट संपला की सगळे जमिनीवर बसतात आणि चित्र लावायला घेतात आणि तेव्हा कळतं की सगळ्यात लहान मुलीच्या टोपलीतल्या तुकड्यांशिवाय सशाला कानच नाहीत. मग मोठी मुलं तिला हाका मारून बोलावतात, तीही पटकन देत नाही, स्वतःच येऊन लावते, आणि कुणीही तिला घाई करत नाही.

सोनेरी अंडं हा प्रकार मी बंद करून टाकलाय. एकच खास अंडं आणि त्यात मोठं बक्षीस, ज्याला मिळेल तो राजा. एक मूल खूश आणि बाकी सगळ्यांना वाटतं की आपण गोळा केलेलं फालतू होतं. हवंच असेल तर प्रत्येकाच्या रंगात एक सोनेरी ठेवा. आणि टोपल्या सगळ्यांच्या एकसारख्या, हेही लिहून ठेवा. मोठी टोपली आणली की ती भरायची असते असं मुलांना वाटतं.

दहाच्या पुढच्या मुलांसाठी कोड्यांची साखळी करा. लिहिताना शेवटाकडून सुरुवात करायची, आधी बक्षीस कुठे ते ठरवायचं, मग तिथे नेणारं कोडं, मग त्या कोड्याच्या जागेवर नेणारं कोडं, असं उलटं येत पहिली चिठ्ठी आपल्या हातात उरली पाहिजे. नाहीतर एक कडी सुटते आणि पोरं दोन खोल्यांच्या मध्ये अडकतात. कोडी मराठीतच लिहा, चार शब्दांची, यमक जुळलं तर छान. "चार पाय पण चालत नाही, पाठ आहे पण दुखत नाही" ही खुर्ची. "तू हसलास तर हसतो, तू गेलास की रिकामा असतो" हा आरसा. "दिवसभर गप्प, रात्री डोळा उघडतो, सकाळी कुणीतरी मिटतो" हा दिवा. अवघड करायच्या नादात आपल्यालाच आवडणारं कोडं लिहू नका, तीन कोडी झटपट सुटली पाहिजेत आणि एक जरा डोकं खाजवायला लावणारं. वाचता न येणाऱ्यांना कोड्याऐवजी जागेचा अगदी जवळून काढलेला फोटो द्या, दाराच्या कडीचा, उशीच्या नक्षीचा, सायकलच्या घंटीचा. ते ओळखणं लहानांना मोठ्यांपेक्षा पटकन जमतं कारण त्या वस्तू ते नाकासमोर धरूनच बघत असतात.

हंटच्या दिवशी वेळ सकाळची, पोटात थोडं गेल्यावर, झोपेच्या वेळेच्या बरंच आधी. पावसाची शक्यता असेल तर घरातला प्लॅन तयारच ठेवा, प्रत्येक वयाला एक खोली, बाकी सगळं तेच. सुरू करायच्या आधी सगळ्यांना खाली बसवायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या. आपल्याच खुणेचं अंडं उचलायचं. कुठपर्यंत जायचं ती हद्द दाखवायची, बोट करून नाही, सगळ्यांना घेऊन चालत जाऊन. आणि सगळी परत येईपर्यंत एकही अंडं उघडायचं नाही. तिसरा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण एकाने उघडलं की सगळे थांबतात, आतलं बघतात, तुलना सुरू होते आणि शोधणं तिथेच संपतं. शिट्टी वाजवून सुरू करू नका, मोठ्या आवाजाला बिचकणारी मुलं असतात, हात खाली केला की पळा असं सांगितलं तरी कळतं. सगळ्यात लहानांना पाच मिनिटं आधी सोडा, मग मधले, मग मोठे.

मोठ्या माणसांचं काम उभं राहायचं. मोठ्या सार्वजनिक हंटला मी बघितलंय, दोरीच्या आत पालकच घुसतात, स्वतः अंडी उचलून आपल्या मुलाच्या टोपलीत टाकतात आणि मूल आईबाबांच्या मागे ओढलं जातं, त्याला काय चाललंय तेही कळत नाही. घरच्या हंटला हे सरळ सांगून टाकायचं, आई, बाबा, आजी, आजोबा, सगळे कडेला, बाळाबरोबर फक्त एक माणूस आणि त्यानेही हात मागे बांधायचे. आजोबांना हे फार जड जातं, पण ऐकतात.

आणि ज्याची अंडी गोळा करून झाली त्याला नवं काम, मदतनीस. पण मदत म्हणजे सांगायचं नाही, दाखवायचं नाही, फक्त अंड्याजवळ जाऊन उभं राहायचं. आमचा सात वर्षांचा यात इतका तरबेज झालाय, स्वतःची टोपली भरली की छोट्या बहिणीच्या अंड्याशेजारी जाऊन उभा राहतो, ओठ घट्ट मिटलेले, नजर मुद्दाम आकाशाकडे, आणि ती त्याच्याकडे बघते, मग त्याच्या पायाकडे बघते आणि तिथे पिवळं अंडं. "मावशी, मला सापडलं!" तो एक शब्द बोलत नाही. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असतं ते स्वतःची अंडी सापडताना नव्हतं.

प्रत्यक्ष शोधणं पंधरावीस मिनिटांत आटपतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, लहान मुलांचा हंट तेवढाच असतो. लगेच दुसरी फेरी लावता येते. अंडी उघडून झाली, तुकडे काढून घेतले की रिकामी अंडी मुलांच्याच हातात द्यायची आणि आता तुम्ही लपवा, आम्ही शोधतो म्हणायचं. त्यांना खुणा नकोत, नियम नकोत, फक्त हद्द तीच. लहानं तर एकाच उशीखाली दहा अंडी ठेवतात आणि आपण खोलीत पाऊल टाकायच्या आत "उशीखाली नाहीयेत हं" असं सांगतात, तर त्यांच्या उशीकडे सगळ्यात शेवटी जायचं. दहाअकराच्या पुढच्यांना ही फेरी इतकी आवडते की पुढच्या वर्षीपासून त्यांना सरळ लपवणाऱ्यांच्या टीममध्ये घ्या, यादी आणि वयं त्यांच्या हातात द्या आणि गुडघ्यांवर बसून बघायचं काम त्यांनाच सांगा.

शेवटी परत मोजणी, रंगाप्रमाणे, फोटो समोर ठेवून. अंडी पुसून अर्धुकं एकमेकांत बसवून डब्यात भरा, बंद करून ठेवली तर दुप्पट जागा खातात. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा आणि त्यावर या वर्षी कुणाला काय सोपं गेलं, काय जड गेलं ते त्याच दिवशी लिहून टाका, पुढच्या ईस्टरला सगळी मुलं एका वर्षाने मोठी झालेली असतात आणि कुठल्या भागातून कुठल्या भागात कुणाला हलवायचं हे तो कागदच सांगतो.